वर्गातल्या प्रमिलाताई

सुधाकरभाऊंचा फोन आला तेव्हा मी इंदूरजवळच्या आमच्या कारखान्यात जेवायला बसत होते. "तुझी ताई गेली बेटा, सकाळीच," एवढंच ते म्हणाले. आज महिना होत आला. प्रमिलाताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. बऱ्हाणपूरच्या तंत्रशिक्षण कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. मी अठराची, त्या चाळिशीच्या. ऑटोमेशन आणि कंट्रोलच्या त्या वर्गात बायका अशा आम्ही दोघीच.

त्यांचे यजमान सुधाकरभाऊ कागद कारखान्यात कामाला. लग्न होऊन ताई महाराष्ट्रातून इकडे आल्या, तेव्हा एकदा घरच्या मंडळींना कारखाना बघायला आत सोडलं होतं. तिथं एक काचेची खोली होती. आत तीन-चार माणसं नुसती दिवे बघत बसलेली, आणि बाहेर ते अजस्र यंत्र त्यांच्या इशाऱ्यावर कागदाचा पांढरा प्रवाह सोडत होतं. "मला वाटलं, या लोकांना यंत्राच्या मनातलं कळत असणार," ताई सांगायच्या. ती खोली त्यांनी वीस वर्षं मनात ठेवली, आणि मुलगी शिकायला नागपूरला गेली त्या वर्षी स्वतःचा अर्ज भरला.

प्रयोगशाळेतली एक दुपार मला अजून स्वप्नासारखी दिसते. तापीकडचा मंद वारा खिडकीतून येतोय, आणि टेबलावर काचेची टाकी. पाणी आपोआप लाल रेघेवर थांबायला हवं होतं. आमचं पाणी वर जाई, खाली येई, पुन्हा वर... पाणी किती जोरानं सावरायचं तो कंट्रोलरवरचा आकडा पोरं वाढवत होती, हेलकावे अधिकच मोठे होत होते. ताई कितीतरी वेळ पाण्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "घाबरलंय ते. जरा कमी टोका त्याला." त्यांनी आकडा निम्म्यावर आणला. पाणी हळूहळू रेघेपाशी आलं आणि तिथंच राहिलं. भिंतीवर त्याचा उजेड तेवढा थरथरत होता.

पहिल्याच वर्षी मी गणितात नापास झाले आणि फोपनारला, आमच्या गावी, घरी बसले. बाबा म्हणाले, केळीत कामं काय कमी आहेत? खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. आठवड्यानं ताई बसनं आल्या. केळीच्या पानांतून सगळीकडं हिरवा उजेड पडला होता, त्यात त्या बाबांसमोर बसल्या. मला वाटलं, माझी बाजू मांडतील. त्या मान खाली घालून म्हणाल्या, "दादा, मला त्या पोरांत एकटीला बसवत नाही. तिला माझ्यासाठी पाठवा."

"मंग तं पाठवा लागीन," बाबा म्हणाले.

त्यांना बसपर्यंत सोडताना मी विचारलं, "ताई, खरंच भीती वाटते?"

"कशाची? सगळी पोरं मला आई म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होते. पुढं रोज तास संपल्यावर त्या मला गणित शिकवायच्या. त्यांनाही ते येत नव्हतं. आदल्या दिवशी मुलीला फोनवर विचारून त्या शिकून येत, हे मला फार उशिरा कळलं.

आम्ही दोघी पास झालो. कागद कारखान्यानं मात्र वय जास्त म्हणून त्यांना घेतलं नाही. त्या दिवशी त्या रडल्या. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं. मग केळी पिकवण्याच्या गार खोल्यांवर त्यांना काम मिळालं. तापमान, हवा, ओल, सगळं त्यांच्या हाती. फोनवर सांगायच्या, "आज पाचव्या दिवशी दार उघडलं गं. हिरवी टाकली होती, अख्खी खोली पिवळी झालेली... मी तशीच उभी राहिले." त्यानंतर पोटाचं दुखणं निघालं, आणि चार महिन्यांत सगळं आटोपलं.

गेल्या आठवड्यात सुधाकरभाऊंबरोबर मी त्या खोल्या बघायला गेले. पॅनेलवरच्या प्रत्येक इंग्रजी नावाखाली ताईंच्या अक्षरातली कागदी पट्टी होती. 'आधी पंखा, मग गारवा.' 'हे दाबून जरा थांब.' सगळ्यात खाली, 'कळलं नाही तर फोन कर,' आणि त्यांचा नंबर.

"तो फोन आता माझ्याजवळ असतो," भाऊ म्हणाले. "इथल्या मुली विचारतात. मला काय सांगता येणार?"

मी पेन मागितलं आणि त्यांच्या नंबराखाली माझा लिहिला. काल दुपारी पहिला फोन आला. मुलगी नवी असावी, नेमकं काय विचारायचंय तेच तिला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "सावकाश सांग. मला वेळ आहे."