पोपटीतलं कोनफळ

नागावला थंडी पडते, यावर नागावच्या माणसांखेरीज कोणाचाही विश्वास नाही. एका बाजूला समुद्र आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना नारळी-पोफळी असताना थंडी येणार तरी कुठून? पण पौष लागला की आमचे बाबा कानांना मफलर गुंडाळायचे, आय अंगणातलं ऊन जसं सरकेल तसं तांदळाचं सूप घेऊन सरकत राहायची, आणि सगळं गाव एकमेकांना "काय गारठा हाय" असं सांगत घाम पुसायचं. (मफलर गुंडाळल्यावर दुसरं काय होणार!) सकाळी नारळाच्या सोडणांची शेकोटी, हातात आलं घातलेला कोरा चहा, दुपारी पाठीवर ऊन आणि संध्याकाळी उगाचच लवकर जेवण. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या सुखाकडे अजून कोणी साहेबानं लक्ष घातलं नव्हतं, त्यामुळे आम्ही बऱ्यापैकी सुखी होतो.

या सगळ्या सुखांवरचं सुख म्हणजे पोपटी. ज्यानं ती खाल्ली नाही त्याच्यासाठी सांगतो. थंडीत भात कापून झालेल्या शेतांत वाल धरतात. त्याच्या कोवळ्या शेंगा मातीच्या मडक्यात भरायच्या, वर खडेमीठ आणि ओवा टाकायचा, मडक्याच्या तळाशी आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवायचा. मग मडकं उलटं करून जमिनीवर ठेवायचं आणि भोवती झावळ्या, सोडणं, पातेरा रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही, फोडणी नाही. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. ज्यात माणसाला काहीच करावं लागत नाही असा हा एकमेव पदार्थ, म्हणून आमच्या घरातले सगळे पुरुष त्यात तरबेज होते.

त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. मी अलिबागला कचेरीत कारकून होतो, म्हणजे गावाच्या दृष्टीनं साहेबच. रोह्याकडच्या एका गावी मुलगी पाहून झाली होती. तिचं नाव सुमन. पाहण्याच्या वेळी "शिक्षण किती?" असं विचारायचं मी घरून पाठ करून गेलो होतो. ती समोर आली आणि मी विचारलं, "पोह्यांत मीठ किती?" ती म्हणाली, "चवीपुरतं," आणि खाली मान घालून हसली. सरळच सांगतो, मला ती मुलगी फार आवडली. परत येताना वाटेत मी बाबांना इतक्या वेळा पत्रिकेचं विचारलं की बाबा म्हणाले, "गप बस. मुलगी बघायला गेल्याला तू, यडा व्हायला न्हाय."

आता फक्त मुलीचे वडील आमचं घर बघायला येणार होते. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, मासमच्छी वर्ज्य, आणि बोलणं मोजकं. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तुमी दर्यावरली मानसं, मासळी खानारच. खा. माझ्या पानाशेजारी नको, येवढंच. आनि मला फसवू नका." या शेवटच्या वाक्याला कारण होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात मुलाकडच्यांनी त्यांना पुरतं बनवलं होतं. मुलगा गिरणीत मुकादम आहे म्हणून सांगितलं आणि लग्नानंतर कळलं, मुलगा गिरणीच्या दारात विड्या ओढत बसतो. तेव्हापासून अण्णा दूध पितानासुद्धा आधी म्हशीकडे बघत.

अण्णांना पोपटी खिलवायची ही कल्पना माझी. इथपर्यंत ठीक होतं. पण आमचे गणपत भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, थळहून खास आले होते. पोपटी लावण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही, असं त्यांचं स्वतःचं मत होतं.

"कोंबडीबिगर पोपटी?" भावोजी म्हणाले. "त्यापरास मना शेंगा कच्च्याच द्या. बैलासारखा खाईन."

"अरे, माळकरी मानूस येतोय," बाबा म्हणाले.

"मी पन जावईच हाय ना या घरचा?"

जावयाचा मुद्दा निघाला की आमच्याकडे सगळे मुद्दे संपतात. तेव्हा देशभर शांततामय सहजीवनाची भाषा चालू होती आणि मी कचेरीत वर्तमानपत्र वाचणारा माणूस. मी तोडगा काढला, दोन मडकी लावायची. एकात नुसत्या शेंगा, बटाटे, रताळी, कोनफळ. दुसऱ्यात शेंगा-बटाट्यांबरोबर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. अण्णा आपलं खाऊन देवळात भजनाला गेले की दुसरं मडकं बांधापलीकडे नेऊन उघडायचं. अण्णांना दुसऱ्या मडक्याबद्दल काही सांगायचं नाही. (ही फसवणूक नव्हे, हे आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं होतं.)

"मग आगी दोन लावू," मी म्हटलं.

"दोन कशाला?" बाबा म्हणाले. "सोडनं काय झाडाला लागतात?"

(झाडालाच लागतात. आमच्या वाडीत तर दुसरं काही लागतच नाही. पण बाबांशी वाद घालून कोणाचं भलं झालेलं नाही.) एकाच आगीत दोन्ही मडकी ठेवायची ठरली. मडकी एकाच कुंभाराची, एकाच मापाची. घोटाळा नको म्हणून मी पुढे झालो. कचेरीत मी फायलींना वेगवेगळे दोरे बांधत असे, साहेब त्यावर खूश होते. आयच्या डब्यातून मी लाल दोरा आणला आणि अण्णांच्या मडक्याच्या गळ्याला छान गाठ मारून बांधला. सगळ्यांना दाखवला. आय म्हणाली, "बघा, शिकल्याला मानूस तो शिकल्याला." भावोजींनीही मान डोलावली. एवढी पक्की खूण केल्यावर कोणतं मडकं समुद्राच्या बाजूला आणि कोणतं विहिरीच्या, हे लक्षात ठेवायची कोणालाच गरज वाटली नाही.

दिवस मावळायच्या सुमारास वाडीमागच्या शेतात आग लावली. अण्णा ओटीवर बाबांशी भाताच्या पिकाबद्दल बोलत होते. इकडे झावळ्या कडकडल्या, धूर वर चढला, भांबुर्ड्याचा वास सुटला. थोड्या वेळानं भावोजींनी एका मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडले. चर्र झालं. दुसऱ्यावर शिंपडले, तिथंही चर्र. पोपटी झाली. भावोजींनी लांब काठीनं विस्तव बाजूला सारला, दोन्ही मडकी बाहेर ओढली आणि मला म्हणाले, "घे तुझं दोऱ्याचं."

मी पाहिलं. समोर दोन मडकी होती. दोन्ही काळीकुट्ट.

"दोरा कुठं गेला?" भावोजींनी विचारलं.

आगीत दोरा जळतो, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. फक्त त्या दिवशी ती आठवली नव्हती. माझ्या एकट्याच्याच नव्हे, घरातल्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, पण पुढे आयुष्यभर हे कोणी मान्य केलं नाही.

आय धावत आली. "वास घ्या," ती म्हणाली. आम्ही तिघंही वाकून वास घेऊ लागलो. भांबुर्ड्याच्या उग्र वासापुढे कोंबडीच काय, गोठाही लपला असता. भावोजी एका मडक्याला कान लावायला निघाले होते, पण भाजेल म्हणून थांबले. दोन्ही गुपचूप उघडून बघावीत म्हणावं, तर तेवढ्यात पोपटीच्या वासानं ओढलेले अण्णा बाबांसह वाडीतून थेट शेतावर येऊन उभे राहिले.

"दोन लावल्यात?" अण्णा म्हणाले.

"एक तुमच्यासाठी," बाबा म्हणाले, "आनि एक घरच्यांना."

"वा. उघडा की मंग. मना उघडताना बघायचं हाय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी आमच्या वाघ्याकडे पाहिलं. वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. तो मघापासून त्या दोन मडक्यांभोवती फिरत होता. आम्ही श्वास रोखून बघत असताना तो समुद्राकडच्या मडक्याजवळ गेला, स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि त्याच्याकडे पाठ करून बसला.

"ती कोंबडी," भावोजी माझ्या कानात म्हणाले. "कुत्र्याचं नाक खोटं न्हाय बोलत."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला कुत्र्याचा होता. मी विहिरीकडचं मडकं पुढे घेतलं. (वाघ्याला नुसती थंडी वाजत होती आणि त्या बाजूला वारा अडत होता, हे नंतर कळलं. तोही शेवटी नागावचाच.)

केळीचं पान अंथरलं. भावोजींनी फडक्यानं मडकं धरलं, पाला उपसला आणि सगळं पानावर ओतलं. शेंगा पडल्या. वाफ निघाली. मागोमाग दोन बटाटे आले. अण्णा खाली बसले. माझा जीव भांड्यात पडतोय तोच मडक्यातून केळीच्या पानाचं एक पुडकं घरंगळत बाहेर आलं आणि अण्णांच्या गुडघ्याशी थांबलं.

"ह्ये काय?" अण्णांनी विचारलं.

"कोनफळ," बाबा म्हणाले. इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाही खरं वाटलं.

"पानात बांधल्यालं?"

"आमच्याकडं तशीच रीत हाय," भावोजी म्हणाले. "दर्याचा वारा लागू नये म्हनून."

पण पुडक्याची गाठ वाफेनं सैल झाली होती. पान आपोआप उलगडलं. अण्णांनी हात मागे घेतला आणि थोडं वाकून बघितलं.

"आमच्या रोह्याकडं," ते म्हणाले, "कोनफळाला तंगडी नसते."

अण्णा उठले. बाजूच्या कळशीतलं पाणी घेऊन त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले. मला समोर सुमन दिसायला लागली. तिचं ते 'चवीपुरतं' आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं. धूर होताच, त्यामुळे लाज राहिली.

"म्हंजे तुमीही फसवलंत," अण्णा बाबांना म्हणाले. "सांगून ठेवल्यालं तरी."

कोनफळात बाबांची सगळी हुशारी संपली होती. तेवढ्यात आय पदर सावरत पुढे आली. तिला रडू फुटायच्या बेतात होतं.

"अण्णा, देवाशपथ फसवलं न्हाय. तुमचं मडकं येगळं केल्यालं. त्याला दोरा बांधल्याला."

"कसला दोरा?"

"लाल. मदूनं बांधला." मदू म्हणजे मी.

अण्णांनी आधी मडक्याकडे बघितलं, मग विस्तवाकडे, मग माझ्याकडे.

"सुती?" त्यांनी विचारलं.

"सुती," मी म्हणालो.

"आनि तो आगीत राहील आसं तुला वाटलं?"

"घट्ट बांधला होता," मी म्हणालो.

अण्णांनी ओतलेल्या मडक्याकडे बोट केलं. "मंग ह्ये मडकं माझं, ह्ये कोनी वळखलं?"

आम्ही चौघांनी एकदम वाघ्याकडे पाहिलं. वाघ्यानं जांभई दिली.

अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, संतापानं. ते मटकन बांधावर बसले आणि डोक्यावरची टोपी तोंडाला लावून हसायला लागले. हसता हसता खोकला आला, आयनं पाणी दिलं, पाणी प्याले आणि परत हसले. मग डोळे पुसून बाबांना म्हणाले, "थोरलीच्या येळेला लई हुशार मानसं गाठ पडली. कुठं काय लपवायचं त्यांना समदं ठावं. म्हनून या खेपेला मी जीव मुठीत धरून आल्यालो." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "पर यो पोरगा माझ्या पोरीला फसवील? याला सात जल्म जमायचं न्हाय. दिली पोरगी."

बाबांनी त्यांना मिठी मारली. भावोजींनी दुसरं मडकं ओतलं आणि अण्णांनी मनसोक्त शेंगा खाल्ल्या. आईवडिलांनी मला पोटाला चिमटा घेऊन शिकवलं, मी मॅट्रिक झालो, कचेरीत चिकटलो, आणि यातल्या एकाही गोष्टीचा माझ्या लग्नाला काडीचा उपयोग झाला नाही, हे मी वाघ्याच्या शेजारी बसून समजून घेत होतो.

लग्न होऊन आता पुष्कळ वर्षं झाली. सासुरवाडीला गेलो की मला कोणी कसल्याच कामाला हात लावू देत नाही. चुलीच्या दिशेनं मी नुसतं वळून बघितलं, तरी दोन मेहुणे आणि एक मेहुणी ताबडतोब उठून आडवी येतात. नवखे पाहुणे हे बघतात आणि म्हणतात, "वा, जावयाचा मान ठेवावा तर असा!"