करपलेल्या वांग्यांचा आरोपी

ती वांगी अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. रिसोड तालुक्यातल्या एका भाजीवाल्या शेतकऱ्याचं उभं पीक बघता बघता करपलं. शेजारच्या वावरातल्या तरुणाशी त्याचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जुना वाद होता. हा तरुण नुकताच पोलीस भरतीत निवडला गेला होता. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत नोकरी जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा तिथला ठाणेदार. खबर गावातून फोनवर आली. "साहेब, तो पाठीवर पंप घेऊन धुऱ्यावर फिरून राह्यला होता. आमी पाह्यलं."

त्या तरुणाच्या गोठ्यात तणनाशकाची रिकामी शिशी सापडली. ठाण्यात आणल्यावर त्याला दरदरून घाम फुटला.

"साहेब, घामच सांगून राह्यला," हवालदार म्हणाले.

"तुम्हाला असं बसवलं तर?" मी विचारलं. ते हसले. मला हसू आलं नाही. सोयाबीनच्या हंगामात पंप आणि शिशी कोणत्या शेतकऱ्याकडे नसते? आधी माणूस ठरवायचा आणि मग पुरावे त्याला चिकटवायचे, हे नोकरीभर पाहून मी विटलो होतो.

तरुण एकच म्हणत होता, "मी कायले करीन, साहेब? माहीच नोकरी जाते ना!" हवालदारांच्या मते गुन्हेगार असंच बोलतो. तो गप्प बसला असता, तर तेही त्याच्याविरुद्धच गेलं असतं.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. धुऱ्यालगतची झाडं हिरवी होती. करपली होती ती विहिरीजवळची, आणि पुढे नुकसान कमी होत गेलं होतं. शेजाऱ्यानं फवारलं असतं, तर उलटं दिसायला हवं होतं.

"तुम्ही किडीचं औषध कुठून मारायला लागले?" मी फिर्यादीला विचारलं.

"हिरीपासून. पंप तिथंच भरतो ना."

"पंप मधे कोणी नेला होता?"

"साळ्यानं. सोयाबीनातल्या तणाले."

"परत आल्यावर धुतला?"

मागून त्याची बायको म्हणाली, "काहून बोलत नाही? नाही धुतला, साहेब."

पंपात उरलेलं तणनाशक त्यानं स्वतःच्याच हातानं वांग्यांवर मारलं होतं. त्यानं तक्रार मागे घेतली. सही करताना मात्र तो म्हणाला, "पण साहेब, त्याच्या गोठ्यात शिशी तं सापडली ना!"

मी थकून गेलो. हा माणूस निर्दोष असता, तरी हेच दिसलं असतं का, एवढं विचारायचे कष्ट कोणी घेत नाही. हे मी त्या प्रकरणात पक्कं शिकलो.

नोकरीवर हजर होण्याआधी तो तरुण पेढे घेऊन आला, पण उभाच राहिला.

"साहेब, पंप धुतला नाही म्हणून त्या मावशी बोलल्याच नसत्या तं?"

मी त्याला बसायला सांगितलं.