भारतीय संघातला अकरावा

हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल आणि दोष माझ्यावर येईल. महाडात आजही पाच-पंचवीस माणसं अशी भेटतील, जी शपथेवर सांगतील की मी भारताकडून फुटबॉल खेळलो आहे. मी उभ्या जन्मात फुटबॉलला एकदाच पाय लावला. त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

तेव्हा मी मुंबईला एका गिरणीच्या कचेरीत कारकून होतो. गिरणीची टीम लीगमध्ये खेळायची. टीमचे मॅनेजर म्हणजे आमचेच हेडक्लार्क, त्यामुळे शनिवारी मला मैदानावर जावंच लागे. काम काय, तर मध्यंतराला लिंबं कापायची आणि खेळाडूंच्या पिशव्या सांभाळायच्या. लिंबाच्या सारख्या आठ फोडी करण्यात माझा हात धरणारा अख्ख्या लीगमध्ये कोणी नव्हता, एवढं मात्र अभिमानानं सांगतो.

एका वर्षी कुठलासा परदेशी क्लब मुंबईत आला. आपला खरा भारतीय संघ नेमका तेव्हा बाहेरदेशी दौऱ्यावर. आता पाहुण्यांना न खेळवता परत कसं पाठवायचं? मग लीगमधले गिरण्यांचे, बँकांचे, गोदीतले खेळाडू गोळा केले, निळे शर्ट शिवून घेतले आणि म्हटलं, हा भारत. त्याला वरची मंजुरी नाही की शिक्का नाही. आमच्या गिरणीचे दोघे त्यात निवडले गेले, म्हणून लिंबांसकट मीही गेलो.

सामन्याआधी वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याला पुढं आणखी कुठं जायचं होतं. आणि मोजतो तर भारतात माणसं दहाच. अकरावा गोदीतला, त्याची पाळी उशिरा सुटली होती. हेडक्लार्कनी इकडंतिकडं पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तू चढव रे शर्ट. टोकाला उभा राहा. फोटोत कोण बघतंय?"

मी निळा शर्ट चढवला, अर्धी चड्डी चढवली आणि ओळीच्या टोकाला छाती काढून उभा राहिलो. फोटो झाला. पाच मिनिटांत खरा अकरावा धापा टाकत आला, माझ्या अंगावरचे कपडे त्याच्या अंगावर गेले आणि मी लिंबांकडे परतलो. मुळात संघच अनधिकृत, आणि त्या अनधिकृत संघात मी अनधिकृत!

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. वर मोठ्या अक्षरांत 'आपला भारतीय संघ'. खाली नावं नाहीत. माझा धोंडूमामा तेव्हा मुंबईत बाजारात हमाली करायचा. तो पेपर घेऊन माझ्या खोलीवर आला.

"हा तूच हायस ना रे?"

"हो, मीच."

बघा, यात खोटं काय होतं? पण त्यापुढचं वाक्य बोलायला हवं होतं, ते राहिलं. मामानं पेपर घडी करून सदऱ्याच्या आत ठेवला आणि आठवडाभरात पोलादपूरपासून कशेडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की आपला पोरगा देशासाठी खेळतो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मामानं त्याच पेपरावर माझं लग्न काढलं.

मुलगी महाडची, सुमन. वडील शाळेत हेडमास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. गुरुजींची ख्याती अशी, की आधीचं एक चांगलं स्थळ त्यांनी मोडलं होतं, कारण मुलानं आपलं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. हे मला कधी कळलं? त्यांच्या घरात पाटावर बसल्यावर. गुरुजी म्हणाले, "मला शेतीवाडी नको, सोनंनाणं नको. जावई खोटं बोलणारा नको, एवढंच."

आणि मामानं सदऱ्यातून पेपर काढला.

गुरुजींचा चष्मा शाळेत राहिला होता. त्यांनी पेपर सुमनकडे दिला, "तू बघ जरा." मी तिच्याकडे बघत होतो. पाणी घेऊन आली तेव्हाच ती मला पसंत पडली होती, आणि आता हे सगळं एका फोटोवर टांगलेलं. तिनं फोटो बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर पायरीकडे पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून मान खाली घातली. लाजली, असं मी समजलो.

"हेच आहेत, बाबा," ती म्हणाली. "कागद चुरगळलाय पण. मी कापून नीट फ्रेम करायला देते."

लग्न ठरलं.

पुढच्या खेपेस गेलो तर फोटो गुरुजींच्या भिंतीवर, काचेत. फक्त फ्रेमवाल्यानं आमचे सगळ्यांचे पाय कापले होते; भारताचा संघ गुडघ्यापर्यंतच होता. मी म्हटलं, चांगला फ्रेमवाला बघायला हवा होता. सुमन म्हणाली, "काचेचं माप तेवढंच होतं."

लग्नाला पंधरा दिवस असताना सावित्रीच्या काठी, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, महाडच्या मुलांनी फुटबॉलची स्पर्धा ठेवली. अध्यक्ष गुरुजी. उद्घाटनाची किक कोणी मारायची? घरात भारताचा खेळाडू असताना विचारायचं काय?

जाताना वाटेत मी सगळा धीर गोळा केला. म्हटलं, "गुरुजी, एक सांगायचं होतं. मी तसा काही खेळाडू नाही. लिंबं वगैरे कापतो."

गुरुजी थांबले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विद्या विनयेन शोभते," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी मैदानाकडे चालू लागलो.

मैदानाभोवती हीऽ गर्दी. पार शिवथरहून माणसं आलेली. बायकांच्या घोळक्यात सुमनही होती. चेंडू ठेवला. मी दहा पावलं मागं गेलो, कारण खेळाडू जातात हे मी पाहिलं होतं. धावत आलो आणि सगळ्या ताकदीनं पाय मारला.

पाय चेंडूपर्यंत पोचलाच नाही. वाटेत भाताचा सड होता, त्यात अंगठा गेला. मी खाली बसलो. चेंडू मात्र सज्जन, माझा गुडघा लागला तसा वीतभर सरकला.

मला वाटलं, झालं, लग्न मोडलं. तेवढ्यात मामाचा आवाज आला.

"मोठा खेळाडू उद्घाटनाला जोर लावीत नाय. नियम हाय तसा. नुसता मान द्यायचा चेंडूला."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! गुरुजींनी सर्वांत जास्त. पुढं तीन-चार वर्षं त्या स्पर्धेत उद्घाटकानं खाली बसून चेंडू वीतभर सरकवायची प्रथा होती. एकदा एका तालुक्याच्या साहेबांना बसवलं, त्यांना उठवायला दोन माणसं लागली. ते पाप माझंच.

अंगठा सुजला तो लग्नातही. मी लंगडत बोहल्यावर चढलो. मांडवात मामा सांगत होता, "खेळातली जुनी दुखापत हाय."

मग गुरुजींच्या शब्दावर महाडातच शाळेत कारकुनी मिळाली आणि संसार सुरू झाला. ती फ्रेमही सुमननं माहेराहून आणून आमच्या भिंतीवर लावली. मी सुमनला खरं सांगितलं नाही. रोज ठरवायचो, उद्या सांगू. पहिल्या वर्षी भीती वाटली, पाचव्या वर्षी लाज वाटली, दहाव्या वर्षी वाटलं, आता कशाला. ती मात्र उठताबसता अभिमान मिरवायची. मी दांडीवर टॉवेल फेकावा, तो खाली पडावा, की तिनं म्हणावं, "असू दे, भारताकडून खेळलेत." मला आतून टोचायचं. बिचारी, किती विश्वास हिचा!

गेल्या वर्षी सुमन गेली. आजारपण फार दिवस चाललं नाही. त्यावर इथं जास्त बोलत नाही.

तिची पातळं तिच्या बहिणीला द्यायची म्हणून परवा ट्रंक उघडली. तळाशी एक पाकीट निघालं. आत वर्तमानपत्राची पिवळी पडलेली पट्टी, चार बोटं रुंद, कात्रीनं अगदी सरळ कापलेली. काही कळेना, म्हणून खिडकीपाशी नेली.

बावीस पाय होते. वीस पायांत बूट आणि मोजे. टोकाच्या दोन पायांत चपला, डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला. सुतळीची गाठ फोटोतसुद्धा स्पष्ट दिसत होती.

त्याच चपला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी त्यांच्या पायरीवर काढल्या होत्या.

मी पट्टी घेऊन फ्रेमखाली धरली. बरोबर बसली.

पंधरा वर्षं माझी समजूत होती की आयुष्यात निदान एक गोष्ट तरी मी नीट लपवली. तीसुद्धा तिनंच लपवली होती.