पेटी पाठवा

एका दिवाळीत मी एक चिठ्ठी लिहिली, आणि तिच्यातल्या एका शब्दाचा राग अजून माझ्या मनात आहे. मी शाळेत मराठी शिकवायचो. मुलांच्या निबंधात मोघम शब्द दिसला की त्याखाली लाल रेघ ओढायचो.

पांढुर्ण्यातल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर पाडव्याला संध्याकाळी गावातल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कार्यक्रम होई. ऐंशी सालानंतरची चार-पाच वर्षं मी श्रोत्यांत बसून काढली. त्या वर्षी पहिल्यांदा माझं नाव बाहेरच्या फळ्यावर लागलं. दोन महिने शाळेतून आल्या-आल्या मी रियाजाला बसायचो. बायकोचं म्हणणं एकच, "घरात कोणीबी गाते. लोकायसमोर गा, मंग मी मानीन." मला गावाकडून काही नको होतं. तिनं समोर बसून माझं एक गाणं ऐकावं, एवढंच.

अडचण होती पेटीची. वाचनालयाच्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता, तिच्यातून सुराऐवजी नुसती हवाच निघायची. रामाकोन्याला माझ्या मेहुण्याच्या घरी भजनी मंडळाची सुरेख पेटी होती. मी ओळखीच्या कंडक्टरच्या हाती चिठ्ठी दिली: 'पाडव्याला कार्यक्रम आहे. पेटी पाठवा. एकच, पण चांगली पाहून. वाटेत आपटू देऊ नका.'

मेहुण्याचा संत्र्यांचा बगीचा आहे आणि त्या दिवसांत आंबिया बहाराची तोड चालू असते, हे चिठ्ठी लिहिताना मला आठवलंच नाही.

पाडव्याच्या दुपारी कंडक्टरनं बसच्या टपावरून पेटी उतरवली. लाकडी पट्ट्यांची, खिळे ठोकलेली, फटींतून गवत बाहेर आलेलं. "सर, कुठंच आपटू नाही देल्ली," तो म्हणाला. दुसरी मागवायला आता वेळ नव्हता. मी चिठ्ठी मनातल्या मनात पुन्हा वाचली. प्रत्येक वाक्य संत्र्यांना चपखल लागू पडत होतं. बोलणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

बायको मात्र खूश. "दादानं पाहा किती मोठी-मोठी निवडून भरली," म्हणाली आणि पेटी हॉलवरच न्यायला लावली. माहेरचा माल गावानं खाल्ला पाहिजे. मी नको म्हणालो नाही, आणि तेच मला भोवलं.

माझी पाळी आली. सुराला आधार फक्त तबल्याचा, आणि तो तबलजीनं स्वतःच्या आवडीनं उंच लावून ठेवलेला. मुखड्यालाच गळ्याला ताण पडला आणि अंतऱ्यात आवाज फाटला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, संत्रं खा, गळा मोकळा होईन." सगळे हसले. मला इतका संताप आला की मी डोळे मिटून तोच अंतरा पुन्हा घेतला. आणि कसं कोण जाणे, आवाज लागला. वरच्या षड्जावर जाऊन स्थिरावला. तबलजीनं दाद देत मान हलवली. त्या चार ओळी मी जशा गायलो, तसं पुन्हा कधी जमलं नाही.

डोळे उघडून मी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिची जागा रिकामी होती. ती पार मागे, दाराबाहेर, पदर खोचून उशिरा आलेल्यांना संत्री वाटत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला मेहुणा आला. पाटावर बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "काहो जवाईबापू, पेटी कशी निघाली?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "लय गोड. एकबी फोड आंबट नाही निघाली."

"मले वाटलंच. म्हणूनशान दुसरी घेऊन आलो," तो म्हणाला. "अन् कार्यक्रम?"

"झाला ना. याइचं गाणंबी झालं," ती ताटात निरांजन ठेवत म्हणाली. "चांगलंच झालं असन. मी तवा वाटून राहिली होती."