कॉव्हेंट्रीतलं पळीभर तीर्थ

खरं सांगायचं तर गेल्या श्रावणात मी देवावर रुसले होते. अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले होते. पाय कसाबसा परत आला. जीभ तर कुठे गेलीच नव्हती, आणि तीच जायला हवी होती असं आमच्या ह्यांचं मत आहे. उजवा हात मात्र काही केल्या परतेना. मूठ वळली ती वळलेलीच राहिली. चाळीस वर्षं ज्या हातानं देवाला गंध लावलं, फूल वाहिलं, नेमका तोच त्यानं काढून घेतला. डाव्या हातानं देवाला काही वाहायचं नाही आणि देवाचं काही घ्यायचं नाही, हे आईनं लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेलं. त्यामुळे मी देवघरात जाणंच सोडलं. सांगलीच्या घरी हे पूजा करायचे आणि मी स्वयंपाकघरात बसून घंटी ऐकायची. तुला माझा हात नको ना, राहिलं तर मग, असं मनात म्हणायची आणि दिवसभर कुणावर तरी डाफरत राहायची.

अशात मुलीनं तीन आठवडे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला सुट्टीवर बोलावलं. मी नाही म्हटलं, डॉक्टरांनी हो म्हटलं आणि ह्यांनी तिकिटं काढून टाकली. विमानतळावर मला व्हीलचेअरवर बसवून सगळी रांग सोडून पुढे नेलं, तेव्हा रांगेतल्या लोकांची तोंडं बघून मला कितीतरी दिवसांनी हसू आलं. तिथली हवा छान होती. संध्याकाळी कालव्याकाठच्या बाकावर बसलं की लांबट होड्यांतून जाणारी माणसं ओळख ना पाळख, हात करायची. मीही डावा हात हलवायची. उजवा कोटाच्या खिशात असायचा. एकदा चहाच्या दुकानात स्कोन नावाचे जाड पाव, लोणी आणि जॅम आलं. हे माझ्यासाठी स्कोनला जॅम लावायला लागले, तर मी बशी ओढून घेतली. निम्मा जॅम साडीवर सांडला. मुलीचे डोळे भरलेले मला दिसले.

तिसऱ्या आठवड्यात तिनं सांगितलं, की तिनं आणि जावयांनी सत्यनारायण बोलला आहे. माझ्यासाठीच. आई पुन्हा पायांवर उभी राहून इंग्लंडला आली तर पूजा घालीन, असं तिनं माझ्या झटक्याच्या वेळी कबूल केलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी धास्तावलेच. पूजा म्हणजे तीर्थप्रसाद आला. घ्यायचा तर उजवा हात उघडत नाही, डावा पुढे करवत नाही. आणि न घेता उठावं तर कथेतच सांगितलंय, प्रसाद टाकून गेलेल्या बाईच्या नवऱ्याची नाव बुडाली. माझ्यापायी माझ्या मुलीच्या पूजेला बट्टा लागणार, ह्या विचारानं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पूजा एका चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये होती. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, त्यावर चौरंग. केळीचे खांब कुठून आणणार, म्हणून कुंडीतली बांबूची झाडं बांधली होती. गुरुजी म्हणजे आठवडाभर आयटीत काम करणारे नागपूरचे एक गृहस्थ, पण मंत्र अगदी खणखणीत. चारला दुसऱ्या कुणाचा झुंबा नाचाचा वर्ग होता, त्यामुळे कथा जरा पळवतच झाली. आरती सुरू झाली तशी मी हळूच उठले आणि मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिथे हॉलची देखभाल करणारी डोरीन नावाची गोरी बाई किल्ल्यांचा जुडगा मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याच वयाची असेल. मनात म्हटलं, इथून कोणी बघायच्या आत बाहेर सटकता येईल.

पण मुलगी तीर्थाची वाटी आणि पळी घेऊन सगळ्यांत आधी माझ्याकडेच आली. यजमानच ती, आईला पहिलं तीर्थ द्यायचं तिच्या मनात होतं. मी खिशातला हात बाहेर काढला आणि नुसती बघत बसले. मूठ दगडासारखी घट्ट. बोटं ओढायला गेले तर आणखीच आवळली. मुलगी पळी धरून उभी, मागे हे उभे, आणि मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, हुंदके देऊन.

तेव्हा डोरीन खुर्ची सरकवून जवळ आली. "मे आय, लव्ह?" एवढंच म्हणाली. तिनं बोटांना हातच लावला नाही. माझं मनगट धरलं आणि सावकाश, अगदी सावकाश आतल्या बाजूला वाकवलं. आणि माझी बोटं सैल पडली, एकामागून एक. मग तिनं अंगठा अलगद बाजूला घेतला, तळवा वर केला आणि माझाच डावा हात त्याच्याखाली आणून ठेवला. तिला काय माहीत, तीर्थ घेताना डावा हात असाच खाली धरायचा असतो! आपल्या लोकांनाही हल्ली सांगावं लागतं.

मुलीनं पळीभर तीर्थ घातलं. थोडं बोटांतून गळलं, पण मी प्यायले. आठ महिन्यांनी तुळशीची चव जिभेवर आली आणि अंगावर काटा उभा राहिला. डोरीननं इंग्रजीत सांगितलं, "माझ्या नवऱ्याला असाच झटका आला होता. तो जाईपर्यंत, सहा वर्षं, रोज सकाळी मी त्याचा हात असाच उघडून धुवायची." मग तिनंही ओंजळ पुढे केली, तीर्थ घेतलं आणि आमचं बघून हात डोक्यावरून फिरवला. सगळे हसले, मी रडता रडता सगळ्यांत जोरात. शिरा ह्यांनी भरवला. मी मान फिरवली नाही. वर आणखी मागून घेतला.

ह्याला मी चमत्कार म्हणत नाही. सांगलीतल्या फिजिओथेरपिस्टनंही मनगट वाकवायचं सांगितलं होतं म्हणे, मी तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पण देवानं ते मला पुन्हा सांगायला चर्चच्या हॉलमधली एक बाई पाठवली, असं मला वाटतं आणि वाटत राहील. त्यानं हात काढून घेतला म्हणून मी रुसले, आणि इतके हात माझ्याकडे येत होते ते मीच झिडकारत होते. शरण जाणं म्हणजे काही मोठं नसावं. कोणी हात धरला तर धरू द्यावा, एवढं मला जमलं तरी खूप झालं.

माझा हात अजून आहे तसाच आहे. सांगलीला रोज सकाळी हे माझी मूठ उघडतात, तळव्यावर जास्वंदीचं फूल ठेवतात आणि मनगट धरून देवापर्यंत नेतात. पूजेला दुप्पट वेळ लागतो, आमचं भांडणही होतं. फूल कधी देवाच्या पायावर पडतं, बहुतेक वेळा ताम्हनाच्या बाहेर. आजही नेम चुकला, असं हे म्हणतात. मी म्हणते, राहू द्या तिथंच, ज्याचं त्याला पोचलंय.