ह्यांची बॉडी जळगावला

फैजपूरला कधी गेलात तर केळी खा, भरीत खा, मजा करा. पण तिथे माझी ओळख आहे असं चुकूनही बोलू नका. माझ्या सासरच्या गल्लीत अजून पोरांना दम देतात, "नीट बोल, नाहीतर धुळ्याच्या सुनेसारखं व्हईन!" असं काय केलं मी? फोन केला, बाई! एक साधा फोन!

पण फोनाआधी कॅमेऱ्याचं सांगायला हवं, नाहीतर माझी बाजू तुम्हाला कळायचीच नाही.

मी मुळात काळजीखोर. सोनू जन्मल्यापासून तर विचारूच नका. तो शिंकला की मी थर्मामीटर काढणार, आणि बराच वेळ शिंकला नाही तर नाकापुढे बोट धरून बघणार. फोटोचा नादही त्या काळजीतूनच लागला. पोर रोज बदलतंय, आजचं उद्या राहत नाही, निदान फोटो तरी काढून ठेवू म्हटलं. भावाने दिलेला एक प्लॅस्टिकचा डबा होता, बटण दाबायचं की फोटो. त्यावर भागत होतं हो! पण आमच्या धुळ्याच्या देवपुरात छायाचित्र मंडळ निघालं आणि मला तिथे जायची बुद्धी झाली.

पहिल्याच बैठकीत एका गृहस्थांनी विचारलं, "ताई, तुमची बॉडी कुठली?"

मी पदर सारखा केला. हे घरी सांगावं की नाही, असा विचार करतेय, तोवर दुसरे म्हणाले, "माझी जपानी आहे, पण जरा जड पडते." तिसरे म्हणाले, "मला तर या दिवाळीला बॉडी बदलायचीच आहे." तेव्हा कुठे उलगडा झाला. कॅमेऱ्याची लेन्स काढून ठेवली की मागे उरतं ते धूड, त्याला म्हणायचं बॉडी! आणि 'कॅमेरा' म्हणणारा माणूस नवशिका.

मंडळाची तऱ्हाच वेगळी. बैठकीला फोटो यायचे दोन-चार आणि वाद व्हायचे डझनभर लेन्सवर, ज्या कुणी डोळ्यांनी पाहिलेल्याही नसायच्या. शिवाय एक पाकीट पोस्टाने गावोगावच्या मंडळांत फिरायचं. आपला फोटो त्यात घालायचा आणि दुसऱ्याच्या फोटोमागे पेन्सिलीने शेरा लिहायचा. सोनूच्या फोटोमागे जळगावच्या कुणीतरी लिहिलं, 'विषय गोड. कान कापला गेला आहे.' मी धावत जाऊन पाळण्यात सोनूचा कान बघून आले!

अशा संगतीत माणूस बिघडणारच की नाही? मी 'कॅमेरा' हा शब्दच टाकला. मंडळातल्या एकांची बदली झाली तेव्हा त्यांची जुनी लेन्ससुद्धा घेतली. बॉडीचा पत्ता नाही, नुसती लेन्स! बुरशी येऊ नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली.

"टायर तर आणलं," हे म्हणाले, "सायकल कधी घेतेस?"

हे म्हणजे आमचे मिस्टर. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही, तेव्हा इथे ते शेवटपर्यंत 'हे'च राहणार. आणि घोळ झाला तो त्यातूनच.

तर, सोनूचं जावळ ठरलं. रविवारी सकाळी, पांझरेच्या काठी. हे म्हणाले, "स्टुडिओवाल्याला बोलावू." मी ठसक्यात सांगितलं, "काही गरज नाही. माझ्या मुलाचं जावळ मीच टिपणार." बोलून बसले, आणि मग काळजीला लागले. जावळ म्हणजे काय वाढदिवस आहे, यंदा फसला तर पुढच्या वर्षी काढू म्हणायला? केस एकदा गेले की गेले! सोनूच्या कपाळावर एक कुरळी बट यायची. ती बट मला हवी होती, आणि माझ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ती काही केल्या नीट येत नव्हती.

मंडळाचे अध्यक्ष नाना, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, मदतीला धावले. "माझी बॉडी घ्या. तुमची लेन्स तिला बसते. फक्त ती जळगावला डॉक्टरांकडे आहे." डॉक्टर म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानावर पाटीच होती, 'कॅमेरा हॉस्पिटल'. नाना बगळ्याचा फोटो काढायला गेले होते, तेव्हा त्यांची बॉडी तलावात पडली होती.

माझे धाकटे दीर प्रकाशभाऊजी शनिवारी फैजपूरहून जळगावमार्गे येणारच होते. त्यांना तेवढा निरोप द्यायचा, की येता येता घेऊन या. सासरी फोन नाही. निरोप जायचा समोरच्या किराणा दुकानात, मुरलीशेठकडे. शनिवारी सकाळीच नानांना घेऊन मी एसटीडी बूथ गाठलं. कडेवर सोनू, कानात खरखर, समोर बिलाचा लाल आकडा पळतोय. मी भराभरा बोलत सुटले.

"मुरलीकाका, मी धुळ्याहून, आबांची सून! प्रकाशभाऊजींना निरोप द्या. म्हणावं, ह्यांची बॉडी जळगावला पडलीय."

नाना शेजारीच उभे होते ना! वडीलधाऱ्या माणसाचं त्याच्या तोंडासमोर नाव कसं घ्यायचं? म्हणून 'ह्यांची'.

पलीकडे तराजूचं माप खाली पडल्याचा आवाज झाला.

"हॅलो? आलं ना ऐकू?"

"कसं... कसं काय झालं व बाई?"

"पाण्यात पडली ना! पार आतपर्यंत पाणी गेलं. डॉक्टरांनी पूर्ण उघडून बघितली, आता बंद करून ठेवलीय. हॉस्पिटलमधून ताब्यात घ्या म्हणावं, आणि संध्याकाळच्या आत इकडे आणा. उद्या सकाळी नदीवर लागणार आहे. न्हावी सांगून ठेवलाय."

"अरे देवा!"

"आणि नीट गुंडाळून आणा म्हणावं, धक्के बसू देऊ नका. इकडे बाकी सगळी तयारी झालीय काका, फक्त बॉडी यायची राहिलीय!"

हे शेवटचं मी चक्क हसत म्हटलं. खूश होते हो मी! आणि नाना? त्यांना तरी काही खटकावं? ते आपले मान डोलवत होते. अध्यक्षच ते!

संध्याकाळी मी दारात बसून सोनूच्या डोक्याला तेल लावत होते. वस्तरा लागला तर काय, ही काळजी चालूच. तेवढ्यात समोर केळीचा ट्रक येऊन थांबला. मागचा फळका पडला आणि माणसं उतरायला लागली. चुलत सासरे, मावससासवा, गल्लीतल्या बायका, खुद्द मुरलीशेठ! मनात म्हटलं, केवढं हे प्रेम! जावळ उद्या, माणसं आजच हजर!

मग अक्का उतरल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. उतरल्या आणि मला बघून असा हंबरडा फोडला, की घरमालकीण काकू पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आल्या. "काय व्हयनं व माय? बठ्ठा रडी ऱ्हायनात!"

मला काय ठाऊक? पण बठ्ठा म्हणजे झाडून सगळे रडताहेत, अक्का रडताहेत आणि आबा, माझे सासरे, कुठे दिसत नाहीत! माझ्या काळजाने निष्कर्ष काढला. आबा गेले! मी अक्कांच्या गळ्यात पडले.

"अक्का, असं कसं झालं हो!"

"तूच सांग व माय, कसं झालं?"

"मी काय सांगणार? मी तर इथे होते!"

"जाताना काही बोलला का व तुह्याशी?"

"माझ्याशी कसे बोलतील, अक्का?"

एवढ्यात ट्रकच्या केबिनमधून काठी टेकत आबा खाली उतरले. मी ओरडायचीच बाकी होते. आबा धडधाकट! मग कोण? मी गर्दीवर नजर फिरवली. भाऊजी नाहीत!

"अक्का, प्रकाशभाऊजी कुठे आहेत?"

"प्रकाश गेला व माय. सकायीच गेला."

"भाऊजी गेले?" मी जमिनीवर बसले. सोनूनेही भोकाड पसरलं.

"जयगावले गेला," आबा म्हणाले. "बॉडी आनाले."

"कुणाची बॉडी?"

आबांनी मान फिरवली. अक्काच म्हणाल्या, "कोनाची म्हंजे? तुह्या नवऱ्याची!"

आता मला सांगा, शहाण्या बाईची ट्यूब इथे पेटायला हवी होती की नाही? निरोप कुणाचा? माझा. शब्द कुणाचे? माझे. पण नाही! "ह्यांची बॉडी? जळगावला?" मी किंचाळले. "अहो, सकाळी तर डबा घेऊन नरडाण्याला कामावर गेले!" आणि त्या सगळ्या रडारडीत सर्वांत मोठा गळा माझा लागला.

अशात कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजली. हे! हँडलला नारळांची पिशवी आणि गळ्यात अडकवलेला भलामोठा झेंडूचा हार, उद्याच्या पूजेचा. चुरगळू नये म्हणून घातलेला. दारातली गर्दी बघून ह्यांचा चेहरा उतरला. सायकल भिंतीला टेकवली, हार काढून हातात घेतला आणि सर्वांत मागे उभ्या चुलत सासऱ्यांना हळूच विचारलं, "काका, कोण गेलं?"

काका म्हणाले, "तू."

पुढचं काय सांगू? अक्कांनी ह्यांना चाचपलं, चिमटा काढला, मिठी मारली, वर एक धपाटा घातला. मुरलीशेठ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिनंच सांगलं! हसू ऱ्हायली होती! मले वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला." मी रडत, हुंदके देत सगळा उलगडा केला. तांदळाचा डबा उपसून लेन्सही दाखवली.

आबांनी लेन्स उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे बॉडी म्हंजे कॅमेरा?"

"हो, आबा."

"मंग कॅमेरा म्हनाले तोंड दुखत होतं का?"

कॅमेरा म्हणणारे नवशिके असतात, हे आबांना कुठल्या तोंडाने सांगणार?

अंधार पडल्यावर भाऊजी आले. बिचाऱ्यांनी जळगावातली सगळी हॉस्पिटलं पालथी घातली होती, पाटीवर 'कॅमेरा' लिहिलेलं ते एक सोडून. दारातून आत बघतात तर दादा लाडू खातोय! ते पायरीवरच बसले. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी काही आणायचं असलं तर चिठ्ठी टाका."

थोडक्यात, बॉडी आलीच नाही. सकाळी नदीवर मी, माझा प्लॅस्टिकचा डबा आणि रडून डोळे सुजलेले सगळे नातेवाईक. मामाच्या मांडीवर सोनू न्हावी बघून जो उसळला, तो शेवटपर्यंत थांबला नाही. अक्कांचं जावळाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी ह्यांचा हात धरून ठेवला होता.

रोल धुवून आला. फोटोत न्हाव्याचं कोपर आहे, मामाचा गुडघा आहे, सोनूच्या जागी एक काळा ढग आहे. ती बट एकाही फोटोत नाही. पांझरेत गेली ती गेलीच. मी दोन दिवस जेवले नाही.

पण एक फोटो भलताच निघाला. सोनू हलायचा थांबेना म्हणून कंटाळून मी डबा बाजूला वळवला होता, त्यात आलेला. अक्का ह्यांच्याकडे बघताहेत, त्यांच्या गालावर हात ठेवून, बस्स. मंडळाच्या पुढच्या बैठकीला हेही माझ्याबरोबर आले, आणि मला न विचारता ह्यांनी तो टेबलावर ठेवला.

फोटो हातोहात फिरला. कुणी लेन्स विचारली नाही, बॉडी विचारली नाही. नानांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"अहो, आईच्या चेहऱ्यावरचा हा भाव! आम्ही यासाठी जन्मभर वाट बघत बसतो. तुम्ही केलंत तरी काय?"

इतकं कौतुक ऐकायची मला सवय नाही. मी पार विरघळले, आणि जे मनात होतं ते तोंडातून निघालं.

"काही विशेष नाही, नाना. आदल्या दिवशी मी त्यांचा मुलगा मारला होता."

शेजारचे गृहस्थ जरा सरकून बसले. शेवटी मागच्या बाकावर सोनूला मांडीवर घेऊन बसलेल्या ह्यांनी नाइलाजाने हात वर केला.

"तो मुलगा मी," म्हणाले. "आता बरा आहे."