सळई कोणत्या कानाला

आमच्या वाहतूक कंपनीच्या वर्कशॉपमधले मिस्त्री कधी बसलेले कोणी पाहिले नाहीत. त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, पण तिच्यावर ग्रीसचा डबा बसायचा. फोन आला की ते बोलत बोलत फाटकापर्यंत जायचे आणि बोलतच परत यायचे. माझी हिशेबाची खोली वर्कशॉपला लागून, मधे फक्त जाळीची खिडकी. त्यांच्या येरझाऱ्या मला दिवसभर दिसत.

त्यांचं नाव होतं ते कानामुळे. ट्रक फाटकातून आत येतानाच ते सांगायचे, "पट्टा घसरतोय," आणि पट्टाच घसरत असायचा. फारच आतला आवाज असेल तर लांब सळईचं एक टोक इंजिनवर टेकवायचे आणि दुसरं कानाला. आवाज सळईतून चढत येतो. इतर मेकॅनिकही हे करतात, पण मिस्त्री सळई लावून उभे राहिले की बाकीचे आपापली हातोडी खाली ठेवत. अलीकडे मात्र त्यांची चिडचिड वाढली होती. सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी त्यांची तक्रार होती.

त्या दिवशी त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आपला जुना ट्रक घेऊन आला. ट्रक त्याचा स्वतःचा, वयाने बराच थकलेला, पण तोच त्याचं पोट. मागे फरशीचा माल भरलेला. दुपारी डोंगराच्या रस्त्याने निघायचं होतं आणि चढावर इंजिनातून खडखड यायला लागली होती.

"भाऊजी, एवढंच सांगा, जाऊ की नको?"

प्रश्न खरोखरच तेवढा होता. आवाज वरवरचा असेल तर जायला हरकत नव्हती. पण इंजिनच्या पोटातलं बेअरिंग झिजलं असेल, तर चढावर आतला दांडा तुटून इंजिन जागच्या जागी अडकतं, आणि भरलेला ट्रक उतारावर मागे यायला बघतो.

मिस्त्रींनी सळई लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "टॅपेट आहेत. सैल झालेत."

टॅपेट इंजिनच्या डोक्यावर असतात. झाकण काढून त्यांनी ते नीट बसवले. इंजिन चालू केलं. खडखड होतीच. मग सायलेन्सरचा पत्रा हलतोय म्हणाले. तो आवळला. खडखड होतीच. मग पंपाचे बोल्ट आवळले. मिस्त्री डाव्या बाजूने उजवीकडे, परत डावीकडे, मान वाकडी करून फिरत होते.

"भाऊजी," मेव्हणा म्हणाला, "आवाज सोडून गाडीतलं सगळं घट्ट झालं."

कोणीतरी हसलं. मिस्त्रींनी वळून पाहिलं, पण चुकीच्या माणसाकडे.

तेवढ्यात त्यांची बायको डबा घेऊन आली. ती फाटकाजवळ थांबून बघत राहिली. मिस्त्री पुन्हा सळई लावून उभे होते. ती पुढे आली.

"अहो, सळई कोणत्या कानाला लावलीय?"

"काय?"

"कोणत्या कानाला?"

"गाडी चालू आहे. नंतर बोल."

तिने भावाला खुणेने इंजिन बंद करायला लावलं. वर्कशॉप एकदम शांत झालं.

"उजव्याला," मिस्त्री म्हणाले. "पहिल्यापासून उजव्यालाच लावतो. सवय आहे."

"आणि घरी त्या बाजूने मी काही बोलले की सगळं परत सांगावं लागतं, ती कसली सवय? इतके दिवस मीच पुटपुटते असं ऐकून घेतेय."

मिस्त्रींनी सळई खाली ठेवली. ट्रकला एक फेरी मारली. मग दुसरी. मेव्हण्याने घड्याळाकडे पाहिलं.

"मग टॅपेटच होते असं धरू का? तुम्ही म्हणालात तर निघतो."

तो खरंच निघाला असता. भाऊजींच्या शब्दावर त्याने आजवर गाडी कुठेही घातली होती. मिस्त्री हात पुसत होते. हात पुसून झाले तरी पुसत होते.

"नको," ते म्हणाले. "उजव्याने मला काही ऐकू येत नाही. डाव्याने आवाज येतो, पण बारीक की जाड, वरचा की खालचा, ते कळत नाही. सकाळपासून अंदाजाने चाललंय."

मेव्हणा म्हणाला, "आधी सांगायचं ना."

"तुझ्यासमोर कसं सांगणार?"

"का? मी काय तुमची सासू आहे?"

मिस्त्रींनी सळई फडक्याने पुसली आणि बायकोच्या हातात दिली. "हे टोक इथे टेकव. हे कानाला. मी एकेका सिलिंडरचं डिझेल तोडतो. आवाज बदलला की सांग."

इंजिन चालू झालं. त्यांनी पहिल्या नळीचा नट सैल केला, डिझेल बाहेर पाझरलं, इंजिन अडखळलं.

"बदलला?"

"तसाच."

नट आवळून ते पुढच्यावर गेले. "आता?"

"तसाच आहे हो."

त्याच्या पुढचा नट सैल झाला आणि तिने हात वर केला. "दबला. मघाशी कोणी दारावर मुठी मारत होतं, आता उशीवर मारतंय."

मिस्त्रींनी इंजिन बंद करायला सांगितलं. "जोर काढला की दबतो, म्हणजे बेअरिंग," ते म्हणाले. "खालचं."

तेलाचं चेंबर उतरवलं तेव्हा त्या बेअरिंगचा रुपेरी थर गेलेला होता आणि आतलं तांबं उघडं पडलं होतं. मेव्हण्याने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि दुसरा ट्रक बघायला फोन लावला. फरशी त्या दिवशी दुसऱ्याच गाडीतून गेली.

दुसऱ्या दिवशी नवीन बेअरिंग बसवून इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी बायकोला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. तिने सळई लावली.

"साफ आहे."

"परत ऐक. खालून ऐक."

"ऐकलं. साफ आहे."

मग त्यांनी सळई घेतली आणि सगळ्यांसमोर डाव्या कानाला लावली. बराच वेळ उभे राहिले.

"मला तर बरं वाटतंय," ते मेव्हण्याला म्हणाले, "पण माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस. ताईला विचार."

"विचारलं की."

"काय म्हणाली?"

"साफ आहे म्हणाली. तुमच्या शेजारीच उभी आहे."

"मग जा."

ट्रक निघाला. मिस्त्री त्याच्यामागून फाटकापर्यंत गेले, तिथून रस्त्याच्या वळणापर्यंत. बायको त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती. ट्रक वळणाआड गेला तरी ते तिथेच थांबले.

"येतोय का अजून आवाज?"

"येतोय."

"कसा?"

"नीट. चढाला लागली बहुतेक."

"खडखड?"

"नाही हो."

मिस्त्रींनी मान हलवली आणि तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिले, ती पुढे काय सांगते त्याची वाट बघत.